मे महिन्यात जळगाव दोघांनी पायी पाहायचं तर: रंगवलेल्या भिंती, पाट्या आणि खाणं

खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जाणं नेहमीचंच. जळगाव-भुसावळ पट्ट्यात तो त्याच्याही वर चढतो. तरी रस्त्यावरची कला बघायला हाच मोसम चांगला. लग्नसराईमुळे घरांच्या भिंती नुकत्याच रंगलेल्या असतात, गच्च्यांवर बिबड्या-कुरडयांची वाळवणं पडलेली असतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि कडुनिंबाला झोके टांगलेले असतात. अडचण फक्त उन्हाची. म्हणून आधी उन्हाचं वेळापत्रक मांडायचं आणि राहिलेल्या तासांत चित्रं आणि जेवण बसवायचं. आधी ठिकाणांची यादी करून निघालेली जोडपी बाराच्या ठोक्याला चौकात उभी राहून एकमेकांवर चिडचिड करतात, आणि त्यातली बरीचशी चिडचिड पाणी कमी पडल्याची असते.

दिवसाचे दोन तुकडे

मेच्या अखेरीस जळगावात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. पहिला तुकडा पहाटे साडेपाच ते सकाळी साडेनऊ, दुसरा संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेनऊ. मधले आठ तास छपराखाली. यात तडजोड करू नका. हवेचं तापमान सगळ्यात जास्त दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असतं. त्यानंतरही डांबर, पत्रे आणि सिमेंटच्या भिंती दिवसभर साठवलेली उष्णता बाहेर टाकत राहतात. साडेचारला ऊन उतरल्यासारखं दिसतं, पण गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी झळ लागते.

सावलीचा हिशोब दोघांनी नकाशावर आधीच करून ठेवावा. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जवळपास नेमका डोक्यावरून जातो. दुपारी बारा पंचविसाच्या आसपास खांबाचीसुद्धा सावली पडत नाही, मग गल्लीच्या कुठल्याच बाजूला आडोसा मिळत नाही. सकाळ-संध्याकाळ मात्र दक्षिण-उत्तर जाणाऱ्या गल्ल्या फार उपयोगी. सकाळी पूर्वेकडच्या घरांच्या कडेने चालायचं. सावली तुमच्यावर असते आणि समोरच्या, पश्चिमेकडच्या भिंतींवर ऊन पडलेलं असतं. चालणं सावलीत, फोटो उन्हातल्या भिंतीचा. संध्याकाळी बाजू बदलायची. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांवर सकाळी ऊन थेट तोंडावर येतं, ते रस्ते रिक्षाने ओलांडा.

पिशवीत काय

दोघांत एकच पिशवी घ्या आणि ती तासातासाने एकमेकांकडे द्या. एकानेच सगळं ओझं वाहिलं तर तो आधी थकतो, आणि थकलेल्या माणसाच्या चालीने दुसऱ्यालाही चालावं लागतं.

माणशी दीड लिटर पाणी, ओआरएसची चार पाकिटं, दोन सुती पंचे किंवा उपरणी, एक छत्री, रुंद काठाची टोपी आणि थोडे सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं, पण तापलेला फोन ऐन वेळी बंद पडतो. पाणी दर वीस मिनिटांनी अर्धा-पाऊण पेला, तहान लागायची वाट न बघता. जारचं थंड पाणी बहुतेक दुकानांत भरून मिळतं आणि पाणपोया उन्हाळ्यात ठिकठिकाणी असतात. पाणपोईच्या रांजणाभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं आहे का आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं आहे का, एवढं बघून घ्या.

ओआरएसचं एक मोठं पाकीट म्हणजे एक लिटर पाणी. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर द्रावण खारट होतं आणि उलटीची भावना होते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब किंवा मधुमेहाचं औषध चालू असेल तर हे किती घ्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

स्वच्छतागृहाचा मुद्दा बायकांसाठी पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. बाजारपेठेत सोय मिळणार नाही या धास्तीने बऱ्याच जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि उष्माघाताची सुरुवात तिथून होते. रेल्वे स्टेशन, मोठं रुग्णालय, बसून जेवायचं हॉटेल अशा तीन जागा नकाशावर खूण करून ठेवा आणि रस्ता त्यांच्या जवळून आखा. नवऱ्याने हे काम आपलं समजावं.

सकाळची फेरी

सुरुवात स्टेशनकडून टॉवर चौकाच्या दिशेने करा. तिथून फुले मार्केट, सुभाष चौक, सराफ बाजार आणि पुढे जुन्या जळगावात, रथ चौकाकडे. सहा-सव्वासहाला दुकानं बंद असतात, आणि याच वेळेला खरी चित्रशाळा दिसते: शटर. उघड्या दुकानाचं शटर वर गुंडाळलेलं असतं, त्यामुळे त्यावरची रंगवलेली अक्षरं फक्त पहाटे आणि रात्री उशिरा वाचता येतात. सराफी पेढ्या, कापडाची दुकानं, बियाणं-खतांचे डीलर यांच्या जुन्या पाट्या निवांत बघा. फ्लेक्स आला आणि हाताने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचं काम आटलं, म्हणून उरलेल्या पाट्यांवर नजर ठेवणं मोलाचं आहे.

हाताने रंगवलेली पाटी ओळखायची तर तेच अक्षर दोन ठिकाणी शोधा. एकाच पाटीवरचे दोन ‘र’ किंचित वेगळे असतील तर ते हाताचं काम. शिरोरेषेचं शेवटचं टोक बघा, ब्रश उचलताना तिथे रंग जरा जाड साचतो. अक्षरांची सावली कुठल्या बाजूला टाकली आहे तेही पाहा. चांगला पेंटर अख्ख्या पाटीभर उजेड एकाच दिशेने धरतो, नवखा मध्येच विसरतो. उजव्या कोपऱ्यात खाली ‘पेंटर’ लिहून नाव असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पालिकेच्या आणि शाळांच्या कुंपणभिंतींवर स्वच्छतेचे संदेश, झाडं, पाणी वाचवा, थोर माणसं असे विषय असतात. अशा भिंतीवर आधी चुना किंवा प्रायमर, मग चौकटी आखून छोट्या कागदावरचं चित्र मोठं करणं, मग बाह्यरेषा आणि शेवटी भराव, असा क्रम असतो. उन्हाने रंग उडालेल्या जागी खालच्या खडूच्या चौकटी कधी कधी अजून दिसतात. भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा सोलवटलेला असेल तर पेंटरला दोष देऊ नका. जमिनीतली ओल भिंतीत चढते, तिच्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून गेलं की क्षार रंगाच्या मागे फुगतात आणि पापुद्रा सुटतो. याला लोणा लागणं म्हणतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतींवर लाल आणि पिवळा आधी फिका पडतो, निळा आणि काळा टिकतो. म्हणून जुन्या चित्रांतली माणसं निळसर वाटतात.

सरकारी भिंतींवरच्या आदिवासी चित्रांत बहुतेक वेळा वारली शैलीच असते, कारण दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढणं शिकायला सोपं. ती गेरूवर पांढऱ्या रंगात असते. सातपुड्यातल्या घरांमधली पिठोरा वेगळी. तिच्यात रंगीबेरंगी घोड्यांची रांग असते, भोवती चौकट असते आणि ते नवस फेडण्यासाठी काढलेलं देवाचं चित्र असतं. नंदुरबारकडच्या पाड्यांत ती घराच्या आतल्या भिंतीवर दिसली तर हात लावू नये, आणि घरातल्यांना विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

जुन्या जळगावातच बहिणाबाई चौधरींचा वाडा आहे. बहिणाबाईंचं (१८८०-१९५१) माहेर आसोदं, शहराला अगदी जवळ. सकाळी रिक्षा ठरवून आसोद्याची एक चक्कर जरूर मारा, कारण लग्नघरांच्या भिंती गावात जास्त बघायला मिळतात. दाराच्या दोन्ही बाजूंना कळस, मोर, हत्ती किंवा भालदार-चोपदार, वर गणपती, आणि बाजूला ‘शुभविवाह’सह वधू-वरांची नावं. दाराच्या डावी-उजवीकडची चित्रं एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी लागतात आणि पेंटरची खरी परीक्षा तिथेच होते. एका हत्तीची सोंड दुसऱ्यापेक्षा इंचभर वर गेली तरी डोळ्याला खटकतं. तारीख जुनी असली तरी भिंत पुढच्या लग्नापर्यंत तशीच ठेवतात, त्यामुळे एकाच गल्लीत वेगवेगळ्या वर्षांची कामं शेजारी-शेजारी मिळतात. दारातल्या माणसाला ‘राम राम दादा’, ‘काकू, भिंतीचा फोटो घेऊ का?’ एवढं विचारलं की पुरे. नकार सहसा येत नाही, पाण्याचा तांब्या मात्र नक्की येतो. नावं आणि फोन नंबर दिसणारा फोटो इंटरनेटवर टाकू नका.

याच वेळेला वाळवणंही बघून घ्या. बिबड्या ऊन चढायच्या आत, सहा-सातला घालतात. ज्वारी साधारण तीन दिवस भिजवून, दळून, शिजवून केलेलं पीठ हाताने जुन्या सुती साडीवर थापायचं. वाळलं की साडी उलटी करून मागून पाण्याचा हबका मारतात आणि बिबडी अलगद सोडवतात. खाटेवर ओळीने टाकलेल्या बिबड्यांचं वरून पाहिलेलं दृश्य कुठल्याही भित्तिचित्राच्या तोडीचं आहे. सुकत घातलेल्या साडीवरून ओलांडू नका आणि फोटोसाठी काही सरकवू नका.

फोटो आणि फोन

बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. उन्हात व्हिडिओ काढत राहिलात की आधी स्क्रीन मंद होते, मग कॅमेरा बंद. दोन फोन आहेत तर एकानेच फोटो काढावे, दुसरा पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवावा. तापलेला फोन बर्फाला किंवा थंड बाटलीला लावू नका, आत बाष्प धरतं. कव्हर काढून सावलीत वाऱ्यावर ठेवणं पुरेसं.

अख्खी भिंत घेताना तिच्या बरोबर मध्यावर, भिंतीला समांतर उभे राहा, नाहीतर सरळ पाटी तिरकी येते. ब्रशचे फटकारे आणि गिलाव्याचा खरखरीतपणा हवा असेल तर ऊन भिंतीला घासून जाईल अशी वेळ निवडा, म्हणजे उगवतीनंतर किंवा मावळतीपूर्वीचा तास. एकाने छत्री धरून फोनच्या काचेवर सावली पाडली की फरक लगेच दिसतो.

सकाळचं खाणं

साडेसात-आठच्या दरम्यान पोहे, कचोरी किंवा समोसा. गाडी निवडताना कढईकडे बघा. तेल काळपट असेल, धूर सोडत असेल किंवा कडेने फेस धरत असेल तर पुढची गाडी. दोघांत एक तळलेली डिश आणि एक प्लेट पोहे बस, कारण साडेनऊपर्यंत चालायचं आहे.

केळीचे वेफर्स तळताना बघायला मिळाले तर पाच मिनिटं थांबा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वेफर्सला पिकली केळी चालत नाहीत, कच्ची हिरवीच लागतात. सोललेलं केळं किसणीवरून थेट गरम तेलात पडतं. चकत्या आधी ताटात काढल्या तर चिकटतात आणि काळ्या पडतात. तळण संपत आलं की मिठाचं पाणी तेलात शिंपडतात, मोठा चरचराट होतो आणि मीठ प्रत्येक चकतीला सारखं लागतं. बुडबुडे शांत झाले की झारा. गरम असताना पिशवीत भरले तर वाफेने मऊ पडतात, म्हणून ‘गार झालेलेच द्या’ म्हणा आणि अर्धा किलो परतीसाठी घेऊन ठेवा.

उसाच्या रसासाठी ‘बिना बर्फ’ सांगा. ऊस आतून लालसर असेल तर रस आंबूस लागतो. बर्फाच्या बाबतीत एक नियम लक्षात ठेवा: खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर रंगवण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. सरबतवाल्याच्या पेटीत निळी लादी दिसली तर तिथे काहीच पिऊ नका. कापून ठेवलेलं कलिंगड टाळा. दोघांना दोन किलोचं अख्खं फळ पुरतं, ते खोलीवर नेऊन कापा.

दुपार

दिवसाच्या भाड्याने खोली घेताना एसी मिळाला नाही तर कूलर चालेल, मे महिन्यात तर नक्कीच. खान्देशातली हवा तेव्हा इतकी कोरडी असते की ओल्या जाळीतून आलेला वारा खरंच थंड होतो. मात्र समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. बंद खोलीत कूलर अर्ध्या तासात दमटपणा करतो आणि घाम सुकेनासा होतो. हाच कूलर जुलैत निरुपयोगी.

दुपारचं जेवण बाराच्या आत. वरण-बट्टी खायची तर आत्ता, कारण तिच्यानंतर झोपच हवी. बट्टी हाताने कुस्करून त्यावर वरण आणि तूप, बाजूला वांग्याची भाजी. दोघांत एक थाळी आणि वर दोन बट्ट्या पुरतात. हलकं हवं असेल तर कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा आणि ताक. कळण्याला चार भाग ज्वारीला एक भाग काळे उडीद सालासकट दळतात, म्हणून भाकरी करडी दिसते. आखाजीच्या दिवसांत खापरावरचे मांडे आणि आमरस कुठे मिळत असतील तर बाकी सगळं सोडून तेच घ्या.

भरताचा हट्ट मेमध्ये धरू नका. बामणोदकडच्या ज्या हिरव्या, मोठ्या भरीत वांग्यांचं नाव आहे, ती थंडीतली. काड्यांच्या जाळावर भाजलेलं खरं भरीत डिसेंबर-जानेवारीत खावं.

झोप येत नसेल तर दुपार घालवायला दोन चांगल्या जागा आहेत. शिरसोली रस्त्यावर जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ हे महात्मा गांधींवरचं संग्रहालय, २०१२ मध्ये सुरू झालेलं. दोन-अडीच तास लागतात. दुसरी चाळीसगावला: छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) यांचं राहतं घर, आता कलादालन. अर्धं शतक ते या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी जी छायाचित्रं काढली, ती प्रकाश कसा वापरावा याचा धडा आहेत. चाळीसगाव जळगावहून रेल्वेने सुमारे ९० किलोमीटर, घर स्टेशनला लागूनच. ते करायचं तर सकाळची फेरी नऊला आटपा. दोन्हीकडच्या वेळा आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या. अजिंठा मात्र याच दिवसात कोंबू नका. लेण्यांची घळ दुपारी भट्टीसारखी तापते.

संध्याकाळ आणि शेवभाजी

साडेपाचला काव्यरत्नावली चौकातून सुरुवात करा. १८८७ मध्ये जळगावातून सुरू झालेल्या, केवळ कवितेला वाहिलेल्या मासिकाचं नाव या चौकाला आहे. शेजारचं भाऊंचं उद्यान टेकायला बरं. पुढे मेहरूण तलावाच्या काठी वारा असतो, तिथे सूर्यास्तापर्यंत थांबा आणि अंधार पडल्यावर पुन्हा बाजारात या. दिवे लागले की पाट्यांवरच्या सावल्या आणि सोनेरी कडा वेगळ्या उठून दिसतात.

जेवण साडेआठनंतर. शेवभाजी हे रात्रीचंच खाणं. कांदा-खोबरं काळपट भाजून केलेल्या काळ्या मसाल्याचा रस्सा उकळत ठेवलेला असतो आणि जाड तिखट शेव वाढायच्या क्षणी पडते. आधीच शेव टाकून ठेवलेली भाजी गिळगिळीत आणि पिठूळ होते, म्हणून ‘शेव वरून टाका’ आणि ‘तर्री वेगळी द्या’ हे ऑर्डरबरोबरच सांगा. दोघांत एक शेवभाजी, एक पातोडी रस्सा किंवा फौजदारी डाळ, भाकरी आणि मठ्ठा. तिखट लागल्यावर पाणी प्यायलं की आग तोंडभर पसरते, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. ताक-दह्यातली प्रथिनं तो ओढून घेतात. मठ्ठा भाजीबरोबरच मागवा, भाजी संपल्यावर नाही.

काय बिघडू शकतं

डोकं दुखणं, पायात गोळे, मळमळ, लघवी गडद पिवळी होणं ही पहिली पायरी. लगेच सावली, ओआरएस, अर्धा तास बसणं, आणि त्या दिवसाची फेरी तिथेच थांबवणं. जोडीदार असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं तर तो उष्माघात समजा. मग घाम येत असो वा नसो. १०८ला फोन करा, कपडे सैल करा, मान, काख आणि जांघेत ओली फडकी ठेवा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. दिवसभर एकमेकांकडे याच नजरेने पाहायचं, कारण ज्याला ऊन लागतं त्याला स्वतःला ते शेवटी कळतं.

रात्री खोलीवर फोटो निवडताना प्रत्येक पाटीखाली गल्ली, दुकानाचा व्यवसाय आणि कोपऱ्यात दिसलेलं पेंटरचं नाव लिहून ठेवा. दुकानावर लावलेली सही जाहीरच असते, ती फोटोसोबत द्यायला हरकत नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी फ्लेक्स लागलेला असू शकतो.